खंडेनवमीचा हिरवा दिवा

माझं काम नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत समजलं नाही. शेजारणीनं विचारलं की त्या सांगायच्या, "सून हापिसात बसून दिवे पाह्यते." मला संताप यायचा. पण त्यात खोटं काही नव्हतं. बुलढाण्याला एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत आमचं ऑफिस होतं. माझ्यासमोर एक मोठा पडदा, त्यावर जिल्ह्यातल्या गावांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे एक ठिपका. ठिपका हिरवा असला की त्या गावातला आमचा कॉम्प्युटर चालू आणि ठणठणीत. लाल झाला की बंद. ऑफिसात सगळेच त्या ठिपक्यांना दिवे म्हणायचे.

संस्था पुण्याची होती. तिनं गावोगावी कॉम्प्युटर केंद्रं काढली होती, जळगाव जामोदपासून मेहकरपर्यंत. गावातल्या कुणाच्या तरी घराची पुढची खोली घ्यायची, तिथं एक मशीन, एक प्रिंटर आणि बॅटरीचा इन्व्हर्टर द्यायचा, आणि घरचंच माणूस त्यावर बसवायचं. पोरांचे परीक्षेचे फॉर्म, विजेची बिलं, रेल्वेची तिकिटं, लग्नाचे बायोडाटे, सगळं तिथं व्हायचं. ही मशीनं नेटवर्कनं आमच्या ऑफिसला जोडलेली, आणि ती नीट चालतात की नाही ते बघणं माझ्याकडे.

सुरुवातीला हे बघणं म्हणजे फोन करणं होतं. सकाळी आल्या आल्या एकेका गावाला फोन लावायचा. "चालू आहे का?" "हाव मॅडम, चालू हाये." पण माणूस तेवढ्यावर थोडंच थांबतं? कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाची सासू दवाखान्यात आहे, कुणाच्या पोरीचं जमता जमता मोडलं, मला सगळं ठाऊक. फोनचं बिल पाहून पुण्याचे साहेब कपाळाला हात लावायचे. मी मूळची मेहकरची. साहेबांशी शुद्ध बोलायचा आटापिटा करायची, पण गावाकडच्या माणसाशी बोलायला लागले की तोंडातून आपोआप "काऊन" आणि "करून राह्यली" निघायचं. साहेब एकदा भेटीला आले होते, त्यांनी ते मागून ऐकलं. म्हणाले, "बाई, फार गोड भाषा आहे हो तुमची, अगदी नाटकातल्यासारखी." मी हसले. मनात म्हटलं, तुमचं गोड तुम्हालाच लखलाभ.

मग एक नवा प्रोग्रॅम आला. तो प्रत्येक मशीनमध्ये बसवला, आणि मशीन थोड्या थोड्या वेळानं आपणहून निरोप धाडायला लागलं: मी चालू आहे, डिस्कवर जागा आहे, अँटिव्हायरस ताजा आहे. निरोप आला नाही की दिवा लाल. संध्याकाळी सगळ्या दिवसाचा रिपोर्ट आपोआप तयार होऊन पुण्याला जायचा. तो कुणी लिहीत नव्हतं, म्हणून कुणाला बदलताही येत नव्हता. साहेबांनी नियम काढला की यापुढे फोन फक्त लाल दिव्यांना. जे ठीक आहे त्याला विचारायचं कशाला?

ऐकायला बरोबर वाटतं. मलाही वाटलं. डोक्याचा ताप गेला म्हणून पहिले काही दिवस मी खूशच होते. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की ज्यांचं बरं चाललंय त्यांच्याबद्दल मला काहीच कळेनासं झालंय. माझा फोन जायचा तो बिघाडापुरता. त्यामुळे माझा आवाज ऐकला की माणसं दचकायला लागली. त्याचं मला वाईट वाटायचं.

उंद्रीची बाई मात्र स्वतःहून फोन करायची. चिखलीच्या पुढे उंद्री हे चांगलं मोठं गाव आहे. तिथलं केंद्र ही चालवायची. वय तिशीचं, सासर सोडून माहेरी आलेली. नवऱ्यानं टाकली असं गाव म्हणायचं. ती म्हणायची, "टाकली कायले? मीच उठून आली." जीभ माझ्यासारखीच तिखट, म्हणून आमचं जमलं. आधी मॅडम म्हणायची, मग ताई म्हणायला लागली. घरात बाप, भाऊ, भावजय. आई लहानपणीच गेलेली. पुढची खोली बापानं तिच्या केंद्राला दिली होती, आणि त्या खोलीवर भावाचा डोळा होता. त्याला तिथं खतं-बियाण्यांचं दुकान टाकायचं होतं.

"केंद्र हाये तवर खोली माही, ताई," ती म्हणायची. "केंद्र गेलं का मी भावजयीच्या हाताखाली. मंग तिनं वाढलं तवा जेवाचं, अन् तिनं सांगतलं तवा भांडे घासाचे."

मी तिला म्हणायची, असं काही होत नाही. पण असंच होतं, हे दोघींनाही माहीत होतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात लोडशेडिंगनं जीव काढला. इन्व्हर्टर आधीच जुना, तो अर्ध्या रस्त्यात मान टाकायचा. उंद्रीचा दिवा दुपारी हटकून लाल. पावसाळ्यानंतर साहेबांनी कळवलं की दिवाळीनंतर कमजोर केंद्रं बंद करायची, आणि कमजोर कोण ते रिपोर्टच ठरवणार. मी रिपोर्ट पाहिला. उंद्री अगदी काठावर होती. आणखी एक अख्खा दिवस लाल गेला की संपलं. मी तिला ते स्पष्ट सांगितलं. लपवून काय उपयोग?

मग ती म्हणाली, "ताई, खंडेनौमी येऊन राह्यली."

माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे अवजारं पुजतात. वखर, डवरं, तिफन, विळे, कुऱ्हाडी धुऊन पुसून मांडायच्या, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. पुजलेलं अवजार त्या दिवशी हाताळायचं नाही, त्याला विसावा. केंद्रं निघाली तशी आमची मशीनंही त्या रांगेत जाऊन बसली होती. आदल्या वर्षी सगळ्यांनी फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, आज पूजा हाये," आणि मी पुण्याला तसं कळवून मोकळी झाले होते. आता कळवणार मशीन, आणि मशीनला पूजेचं कारण सांगता येत नव्हतं.

मी साहेबांना फोन केला. म्हणाले, "खंडेनवमीची सुट्टी आपल्या यादीत नाही. पूजा करा की. बंद कशाला करायचं?" उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या अशा. मी म्हटलं, पुजलेलं अवजार वापरत नाहीत सर. ते म्हणाले, "बाई, तो कॉम्प्युटर आहे." पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

उंद्रीत अडचण बापाची होती. म्हातारा पंचाहत्तरीच्या पुढचा, रोज शेतात चक्कर मारणारा. मशीन आलं तेव्हापासून तो दर खंडेनवमीला स्वतः ते बंद करायचा. काचेला कुंकू लावायचा नाही, मशीन दुखावेल म्हणून. खालच्या डब्याला कुंकवाचं बोट टेकवायचा, वर माळ घालायचा आणि स्वतःचा नवा दुपट्टा त्यावर पांघरायचा. लेक समजावून थकली, तेव्हा तिनं फोन त्याच्याच हातात दिला.

मी सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, पोळ्याले बैल जुपतं का कोनी?"

"नाही जुपत, बाबा."

"मंग? नवं राज्य झालं होतं तवा आमच्या हिरीवर पयलं तेलाचं इंजन आलं. माह्या बापानं त्याले येक दिवस बंद ठेवलं. मिरची वाळून नाई गेली. ज्याच्या जिवावर खाता त्याले येक दिवस बसू द्या ना."

बाकी सगळ्या जिल्ह्याची गोष्ट वेगळी होती, त्यांचे दिवे एरवी बरे होते, एका दिवसानं ते मरणार नव्हते. मरणार होती ती याची लेक. ते मी त्याला तसंच सांगितलं. तो म्हणाला, "पाहू," आणि फोन ठेवून दिला.

नवरात्र बसलं. उंद्रीचा दिवा रोज हिरवा. हिरव्याला फोन करायचा नाही, म्हणून मी केला नाही, आणि तिचाही आला नाही. मला वाटलं, घरात घट आहेत, कामात असेल.

खंडेनवमीला सकाळी ऑफिसात आले. दुकानं उघडायच्या वेळेला पडद्यावर थोडेफार हिरवे होते. मग एकेक करत लाल व्हायला लागले. मेहकर लाल. जळगाव जामोद लाल. दुपारच्या आत अख्खा पडदा कुंकू सांडल्यासारखा झाला. नियमाप्रमाणे मी लाल दिव्यांना फोन लावत होते, आणि उचलत कुणी नव्हतं, सगळे पूजेत. त्या सगळ्या लालात एकच हिरवा ठिपका, उंद्री.

मी खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेले. संध्याकाळपर्यंत तो तसाच राहिला, हललासुद्धा नाही. रिपोर्ट पुण्याला गेला. मला इतका आनंद झाला की घरी जाताना सासूबाईंसाठी जिलबी घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "आज काय?" मी म्हटलं, एका म्हाताऱ्यानं लेकीचं ऐकलं.

दसऱ्यानंतर साहेबांचा फोन आला. जिल्ह्यावर ते भडकलेले होते, पण उंद्रीचं कौतुक करत होते. "त्या बाईंना माझी शाबासकी कळवा. त्यांचं केंद्र राहील." हे फोनवर सांगायचं नाही असं मी ठरवलं. एवढी चांगली बातमी माणसानं समोर जाऊन द्यावी. पाव किलो पेढे घेतले आणि चिखलीवरून उंद्रीची एसटी पकडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन सोंगून झालेली रानं होती आणि तुरी उभ्या होत्या. मी बसमध्ये मनातल्या मनात बोलणं जुळवत होते. आधी तिला घाबरवायचं, दिवा लाल झाला म्हणून, आणि मग डबा पुढे करायचा.

गल्लीत शिरले तर दारोदार दसऱ्याची तोरणं, झेंडू सुकून तपकिरी झालेला. तिचं घर विचारलं तर एका बाईनं माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि नुसतं बोट दाखवलं. त्या दारावर तोरण नव्हतं. अंगणात रांगोळी नव्हती. ओसरीवर सतरंजी टाकलेली, तिच्यावर चार-पाच माणसं मुकाट बसलेली. मी दारातच थांबले. हातातला डबा कुठं ठेवू, काय करू, काही सुचेना. सुतकाच्या घरी मी पेढे घेऊन आले होते.

ती आतून आली. मला पाहिलं, डबा पाहिला, आणि झटकन तो माझ्या हातातून घेऊन पदराखाली लपवला. "द्या इकडं, ताई. लोक पाहतीन." स्वतःचा बाप गेलेला, आणि माझी लाज तिनं झाकली.

पुढच्या खोलीत जिथं म्हाताऱ्यानं जीव सोडला तिथं कोपऱ्यात समई तेवत होती. शेजारीच टेबलावर मशीन, तेही चालू. तिनं डबा मशीनच्या मागं सरकवला आणि आम्ही खाली बसलो.

नवरात्राच्या सातव्या माळेला पहाटे म्हातारा गेला, तिनं सांगितलं. रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही. लोक जमले, रडारड झाली, पाहुणे आले. खोलीत उजेड हवा म्हणून कुणी इन्व्हर्टर बंद केला नाही, आणि त्यावरचं मशीन तसंच चालू राहिलं. मशीनकडे बघतो कोण? सुतकात पूजा नाही. वखर नाही पुजला, तिफन नाही पुजली, तसं मशीनही नाही. जिल्हाभर माणसं मशीन बंद करून त्याला माळा घालत होती, तेव्हा या घरातलं मशीन प्रेताच्या जागेशेजारी बसून पुण्याला कळवत होतं की इथं सगळं ठीक आहे.

"खंडेनौमीले लाल झालं का, ताई?" तिनं विचारलं. तिला काहीच माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "हिरवा होता. दिवसभर. केंद्र राहिलं तुझं."

तिनं मशीनकडे पाहिलं. मग तिचा बांध फुटला. एवढी तिखट बाई, गुडघ्यात डोकं घालून लहान पोरीसारखी रडली. म्हणाली, "सहाव्या माळेले भांडली मी त्याहिच्या संगं. म्हटलं, तुमच्या पूजेपायी माहं पोट जाईन. त्याहिनं काईच म्हटलं नाई. मंग झोपाच्या आधी म्हने, बरं बाप्पा, ठेव चालू, नाई करत मी पूजा. आयुष्यात पह्यल्यांदा नाई म्हटलं त्याहिनं अवजाराले, ते माह्यासाठी. अन् सकाळी पाह्यतो तं गेलेले." थोड्या वेळानं डोळे पुसत म्हणाली, "बाबा राह्यले असते अन् पूजा केली असती तं बरं झालं असतं, ताई. केंद्र गेलं असतं तं गेलं असतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. शाबासकी मी तिला सांगितलीच नाही. परतीच्या बसमध्ये मला एकच वाटत होतं, पूर्वीसारखे फोन असते तर सातव्या माळेलाच मला कळलं असतं, आणि मी रिकाम्या हातानं, माणसासारखी त्या दारात गेले असते. मला साहेबांचा आणि त्या हिरव्या ठिपक्याचा सारखाच राग आला. बसमध्येच डोळ्याला पदर लावून बसले.

दिवाळीनंतर जिल्ह्यातली काही केंद्रं बंद झाली. उंद्री राहिली. मी मात्र तेव्हापासून हिरव्यांनाही फोन करायला लागले, स्वतःच्या फोनवरून. उंद्रीला जास्त. भाऊ तिला म्हणाला होता, "चालू हाये तवर बस खोलीत, बंद झालं का माहं दुकान." असं वर्ष गेलं. पुढच्या नवरात्राच्या आधी साहेबांनी सगळ्या केंद्रांना कळवलं की यंदा खंडेनवमीला ज्याचा दिवा लाल, त्याचं केंद्र कायमचं बंद, सबबी ऐकणार नाही. मी प्रत्येकाला फोन करून बजावलं. तिलाही. ती म्हणाली, "आयकलं, ताई."

खंडेनवमी उजाडली. जिल्हा हिरवागार. लोकांनी चालू मशीनवरच लांबून कुंकू उधळलं, माळा घातल्या आणि काम करत बसले. भीती माणसाला सगळं शिकवते. मी चहा घेऊन परत खुर्चीत बसते तर उंद्री लाल.

लाल दिव्याला फोन करायचा हा तर नियमच. मी लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला, जशी वाटच बघत होती.

"अगं, लाईट गेली का? इन्व्हर्टर बघ ना."

"लाईट हाये, ताई. मीच बंद केलं."

"वेडी झालीस का? तुला माहीत आहे ना काय होईल? आत्ता चालू केलंस तरी चालेल. थोडाच वेळ झालाय."

"माहीत हाये." आवाज अगदी साधा होता. "बाबाच्या हातची येक पूजा राह्यली होती ना, ताई. मीच त्याहिच्या तोंडून 'नाई करत पूजा' वदवलं होतं. त्याहिचा नवा दुपट्टा पेटीत तसाच होता, तोच पांघरला मशीनवर. चांगलं दिसून राह्यलं."

पडद्यावर लाल ठिपका दिसत होता. तीच म्हणाली, "मांगच्या साली दिवा हिरवा होता तवा तुमी पेढे घेऊन आल्या. औंदा लाल हाये. औंदा या, ताई. औंदा चालतीन पेढे."

मी दसऱ्याला गेले. दारावर तोरण होतं. तिनं एक पेढा मशीनपुढे ठेवला, एक माझ्या हातावर, आणि सोनं म्हणून आपट्याची पानं दिली. आम्ही दोघी त्या खोलीत पुष्कळ वेळ बसलो. भाऊ दारात येऊन एकदा खोलीच्या भिंती डोळ्यांनी मोजून गेला.

दिवाळीच्या आत केंद्र बंद झालं. मशीन गाडीत घालून परत आलं. त्या खोलीत आता खतांची पोती आहेत, आणि ती मागच्या खोलीत भावजयीच्या हाताखाली आहे. ज्या दिवशी पडद्यावरून उंद्रीचं नाव काढलं, त्या दिवशी साहेबांचा फोन आला. म्हणाले, "आता कसं, बाई. एकही लाल नाही. सगळं ठीक दिसतंय ना तुमच्या जिल्ह्यात?"

मी पडद्याकडे पाहिलं. खरंच सगळे हिरवे होते. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.